सात अंकांची सूट

फॉर्ममधला एकच रकाना रिकामा राहिला होता. ‘रुग्णाचा आवाज कोणत्या तारखेपर्यंत निरोगी होता?’ बाकी सगळं मी भरलं होतं. नाव जयवंत बाबुराव गुरव, वय सत्तर, मुक्काम कोनाळवाडी, तालुका कुडाळ. भाषेच्या रकान्यात मी ‘मालवणी’ लिहिलं. ‘मराठी’ लिहिलेलं नानांना, माझ्या वडिलांना, चाललं नसतं.

नाना समोरच्या खुर्चीत बसले होते आणि आई त्यांना चमच्याने घट्ट पेज भरवत होती. तिसऱ्या चमच्याला पेज नाकातून बाहेर आली. आईने खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली आणि चौथा चमचा भरला. गेले दोन महिने ती हेच करत होती. पंचा रोज धुवून वाळत घालायचा, दुसरा खांद्यावर टाकायचा.

गजभिये मॅडम वाचा-उपचार करायच्या. नागपूरच्या, नोकरीमुळे सिंधुदुर्गात आलेल्या, आमच्या माशांना नाक मुरडणाऱ्या पण आमच्या माणसांना नाही. त्यांनी एका चिमट्यात पारदर्शक पापुद्रा धरून आईला दाखवला. कांद्याच्या आतल्या सालीएवढा पातळ होता.

“हे बघा काकू,” त्या म्हणाल्या, “पडजिभेच्या वर मऊ पडदा असते. आपण ‘म’ किंवा ‘न’ म्हटलं का तो खाली राहते, हवा नाकात जाते. बाकी वेळी तो वर उचलला जाऊन नाकाचा रस्ता बंद करते. गिळतानाही तसंच. काकांच्या मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गाठ अडकली, तिथून पडद्याला येणाऱ्या नसा गेल्या. म्हणून पडदा लोंबून राहिला आहे. शब्दही नाकात अन् पेजही नाकात.”

“आणि ही साल?” आईने विचारलं.

“ही टाळूपट्टी. पडद्यावर शिवायची. हनुवटीखाली एक टिकली लावतो, ती स्नायूंची हालचाल वाचते अन् पट्टीला सांगते, आता आवळ, आता सोड. आवळली का पडदा वर.”

एवढं सोपं असतं तर दहा वर्षांपूर्वीच झालं असतं. अडचण वेळेची आहे. पडदा आवाजाच्या आधी उचलावा लागतो, आवाज आल्यावर उचलून उपयोग नाही. म्हणजे पट्टीला पुढचा आवाज कोणता ते आधी ओळखता आलं पाहिजे. त्यात प्रत्येक माणूस नाकात किती हवा सोडतो हेही वेगळं. म्हणून पट्टीला त्याच माणसाचं जुनं, निरोगी बोलणं ऐकवतात. एकवीस दिवस ती शिकते, मग तिचा पदार्थ घट्ट होतो आणि शिकणं संपतं. त्याच टाळूवर दुसरी पट्टी शिवता येत नाही. तिला चुकून आजारातलं बोलणं ऐकवलं तर तेवढी गळती हीच या माणसाची सवय असं ती धरून चालते. मग शब्दांत थोडी हवा आणि नाकात थोडं ताक, जन्मभर.

त्यासाठी ती तारीख हवी होती.

“अठरा मार्चला अॅडमिट केलं,” गजभिये मॅडम म्हणाल्या. “त्याच्या आधी आवाजात फरक वाटला होता का कोणाला?”

आईचा चमचा थांबला. “शिमग्याक बरो होतो,” ती म्हणाली. “देवळात गाऱ्हाणां घातल्यानी. सगळ्या गावान आयकल्यान.”

शिमगा दहा मार्चला होता. गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग गावातल्या निदान वीस जणांच्या फोनमध्ये होतं. नाना रवळनाथाच्या देवळातले गुरव. वर्षाच्या प्रत्येक सणाला देवासमोर उभं राहून गावाचं म्हणणं मांडायचं काम आमच्या घराकडे. ते एक वाक्य बोलणार, गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार, की ते पुढचं बोलणार. गावाने होकार दिल्याशिवाय पुढचं वाक्य नाही, असा नियम.

“मग दहा मार्च लिहू?” मॅडमनी मला विचारलं.

“घरी जाऊन रेकॉर्डिंग तपासते, मग सांगते,” मी म्हणाले.

मला तपासायची गरज नव्हती. तपासणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं, आणि तारीख मला ठाऊक होती.

* * *

मी पुण्यात ‘पहारा’वर काम करते. तो आता बहुतेकांच्या फोनमध्ये असतो, त्यामुळे फार सांगत बसत नाही. माणूस फोनवर बोलतो तेव्हा पहारा शब्द ऐकत नाही, फक्त आवाजातला नाकाचा वाटा मोजतो. मेंदूच्या बुंध्याला छोटा झटका आला तर कधी कधी हात-पाय शाबूत राहतात, तोंड वाकडं होत नाही, फक्त पडदा थोडा सैल पडतो. कानाला ते सर्दीसारखं वाटतं. पहाऱ्याला आकडा दिसतो. माणसाच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा आकडा बारा अंकांनी वर गेला की इशारा वाजतो, आणि तासाभरात रुग्णवाहिका दारात येते. छोट्या झटक्यामागून मोठा येऊ शकतो. मधल्या दिवसांत औषध सुरू झालं तर मोठा बहुतेक वेळा टळतो.

पहिल्या वर्षी पहाऱ्याने कोकणात नुसता गोंधळ घातला. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू सोलणाऱ्या अकरा धडधाकट बायकांना एका आठवड्यात रुग्णवाहिकेत घालून नेलं. कारण शोधायला मला पाठवलं, आणि मला ते पहिल्याच दिवशी कळलं. आम्ही लोक परक्याशी बोलताना शाळेतलं मराठी बोलतो आणि घरच्यांशी बोलायला लागलो की आवाज सगळा नाकात चढवतो. साहेबाचा फोन ठेवून बहिणीला लावला की आकडा दहा-बारा अंकांनी उडी मारतो. पुण्याच्या यंत्राला तो झटका वाटायचा.

मी मीटिंगमध्ये उभी राहिले. “आमचं बोलणं हा आजार नाही,” म्हणाले. सावंतवाडी ते मालवण पट्ट्यात इशाऱ्याची रेषा बारावरून एकोणीसवर न्यावी असा प्रस्ताव मांडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बदलाला ‘सात अंकांची सूट’ असं नाव पडलं आणि मला बढती मिळाली. मी नानांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आता यंत्राक पण मालवणी कळता!” त्यांनी ते देवळात चारचौघांना सांगितलं असणार.

एक मार्चला नानांचा आकडा सरासरीपेक्षा सोळाने वर होता. बारापेक्षा जास्त, एकोणिसापेक्षा कमी. पहारा गप्प बसला. सतरा दिवसांनी मोठा झटका आला, त्यात डावा हातही गेला.

हे मला अठरा मार्चच्या दुपारीच कळलं होतं, दवाखान्याच्या बाकावर बसून फोनमध्ये आकडे बघताना. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. जीभ भाजली की दोन दिवस कशाची चव लागत नाही, तसं. मी खात होते, झोपत होते, गाडी चालवत होते. लोक म्हणायचे, हर्षदा किती खंबीर आहे.

* * *

खंबीर नव्हती ती आई, असं लोकांचं मत. भेटायला येणारा प्रत्येक जण व्हरांड्यात टेकला की चहा यायच्या आत विचारायचा, “रोजचा आयकतंस तू, तुका कळाक कसा नाय?” दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच विचारलं होतं, जरा शुद्ध भाषेत. सुरुवातीला आई सांगायचा प्रयत्न करायची की आमच्याकडे सगळेच नाकात बोलतात, त्यात आणखी जरा चढलं तर काय कळणार. नंतर तिने तेही सोडलं. आता कोणी विचारायच्या आधी तीच म्हणायची, “माका कळाक व्हया होता.” आणि चहा आणायला आत जायची.

मी तिथे बसलेली असायचे. मी कधी काही बोलले नाही.

तो फॉर्म घेऊन दवाखान्यातून आल्यावर त्या दुपारी मी मागच्या पडवीत बसले आणि कानाला लावून एक मार्चचा फोन ऐकला. आम्हा कर्मचाऱ्यांचे सगळे फोन चाचणीसाठी रेकॉर्ड होतात. चौऱ्याण्णव सेकंदांचा फोन होता.

“काय गो, जेवलंस?”

“व्हय नाना. तुमचा आवाज कसो येता? सर्दी झाली हा?”

“सर्दी नाय गो. आज ताक पीत होतंय तां नाकातना भायर इला.”

इथे मी हसले होते. खरोखर हसले होते, रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येतं.

“हळू पिया मां, नाना. कोण धावता तुमच्या मागसून? वाफ घेवा. माका मीटिंग आसा, ठेवतंय.”

“बरां, बरां. ठेव.”

ताक नाकातून येणं हे लक्षण मी कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकले होते. नवीन येणाऱ्यांना मीच ते शिकवते. माझ्या सादरीकरणाच्या चौथ्या पानावर ते लाल अक्षरात आहे. यंत्राला मी सूट दिली होती, पण माझ्या कानाला कोणी दिली होती? मी नानांना मालवणीत ऐकत होते, वडील म्हणून ऐकत होते, आणि वडिलांचं ताक नाकात गेलं याचं मला हसू आलं.

मग मी शिमग्याचं गाऱ्हाणं लावलं. अठरा अंकांनी वर. दीडशे माणसांनी कान देऊन ऐकलं आणि दीडशे माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली.

फॉर्ममध्ये खरी तारीख लिहिली की ती नानांच्या फाइलीत ‘आजाराची सुरुवात’ म्हणून जाणार. फाइल आईला दिसणार, कंपनीला दिसणार. मग कोणीही विचारणार, सतरा दिवस पहारा गप्प का होता? आणि दहा मार्च लिहिलं तर कोणीच काही विचारणार नाही. गजभिये मॅडमनी तीच तारीख सुचवली होती, आईने साक्ष दिली होती. पट्टी थोडी चुकीची शिकेल. थोडीच. असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हे मोजून सांगू शकणारी त्या जिल्ह्यात मी एकटीच होते.

मी दहा मार्च लिहिलं आणि पाठवून दिलं. मला काही वाटलं नाही.

* * *

पट्टी शिवून झाली. दुसऱ्या दिवशी तिला आवाज ऐकवायचा होता. नियम असा की ऐकवण्याआधी घरातल्या रोज सोबत राहणाऱ्या माणसाने नमुना ऐकून ‘हाच यांचा आवाज’ असं सांगायचं आणि अंगठा द्यायचा. गजभिये मॅडमनी आईला बसवलं, नाना शेजारीच खुर्चीत. खोलीत शिमग्याचं गाऱ्हाणं सुरू झालं. मागे ढोल, मध्येच कोणाचं तरी पोर रडतंय, आणि नानांचा आवाज.

आईने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “माका नको विचारू.”

“काकू, तुम्हीच तर ओळखणार ना. तुमचंच काम आहे ते.”

“माका तेव्हा कळाक नाय, आता काय कळतला?” आई शांतपणे म्हणाली. ती रडत वगैरे नव्हती. “चाळीस वर्सां ह्यांचो आवाज आयकलंय. माज्या कानाचा काय खरां नाय. हर्षदाक विचार. ती शिकलेली आसा.”

आणि तिने अंगठ्याचं यंत्र माझ्याकडे सरकवलं आणि पंच्याची घडी घालायला घेतली.

मला वाटलं होतं की मी काही तरी मोठं ठरवेन आणि मग बोलेन. तसं काही झालं नाही. तोंड उघडलं आणि आवाज आला. “मॅडम, तारीख चुकीची आहे,” मी म्हणाले. “फेब्रुवारीपर्यंतचेच नमुने घ्या. एक मार्चला आजार सुरू झाला होता.”

“तुम्हाला कसं माहीत?”

मी फोन टेबलावर ठेवला आणि ते चौऱ्याण्णव सेकंद सगळ्यांना ऐकवले. माझं हसणंही. मग आईला मालवणीत सांगितलं की सोळा आकडा आला होता, बारालाच इशारा वाजायला हवा होता, तो मी एकोणीसवर नेला होता, आणि ताकाचं लक्षण मला पाठ होतं. “ता वळखूचा काम तुजा नव्हताच, आई,” मी म्हणाले. “माजा होता. आणि दोन म्हयने लोक तुका बोलतत, मी आयकत बसलंय.”

नानांनी नाकातून काही तरी म्हटलं, लांबलचक. मला एक अक्षर लागलं नाही. आईला लागलं असावं, कारण तिने त्यांच्याकडे पाहिलं. पण तिने मला ते सांगितलं नाही. माझ्या रेकॉर्ड झालेल्या फोनांतून फेब्रुवारीतले नमुने काढले, त्यांत नाना सुपारीच्या बागेतल्या माकडांना शिव्या देत होते. आईने ऐकलं, “होच,” म्हणाली, आणि अंगठा दिला. मग पंचा धुवायला उठून गेली.

* * *

एकवीस दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. पाणी तापलं हा. औषध दिलंय. भांडली असती तर बरं झालं असतं. भेटायला येणाऱ्यांना मात्र ती आता उत्तर देत नसे, आणि मीच व्हरांड्यात बसून सगळं सांगत असे, पहिल्यापासून. पहिल्या दोघा-तिघांना सांगताना जीभ जड झाली, नंतर नाही. लोक चहा न पिता उठायचे.

कंपनीलाही कळवलं. त्यांनी सूट काढून टाकली, माझं काम काढून घेतलं नाही. कोकणात पुन्हा चुकीचे इशारे वाजायला लागले. माझी वेंगुर्ल्याची मावशी दोनदा रुग्णवाहिकेत बसून आली आणि तिने मला फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तिसरा इशारा तिच्या शेजाऱ्याच्या फोनवर वाजला, आणि तो खरा निघाला. तो माणूस आता नीट आहे. ते ऐकूनही मला फारसं काही वाटलं नाही, पण त्या रात्री मला जेवणात मीठ जास्त झालेलं कळलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गजभिये मॅडमच्या खोलीत होतो. आधी नानांना ताक दिलं. त्यांनी एक घोट घेतला, थांबले, गिळला. आई पंचा हातात धरून उभी होती. नाकातून काही आलं नाही. दुसरा घोट घेतला, तोही आत गेला. आईने पंचा तसाच धरून ठेवला.

“आता बोला काका. काहीही बोला, मनातलं.”

नानांनी घसा साफ केला. डावा हात उचलेना, तो त्यांनी उजव्या हाताने उचलून छातीशी आणला आणि दोन्ही हात जोडले.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा,” ते म्हणाले.

प्रत्येक शब्द सुटा आला. ब फुटला, द वाजला. आणि सगळ्यावर तो आमचा नाकातला सूर होता, माकडांना शिव्या देताना असायचा तसा.

गजभिये मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या आणि यंत्रातला आकडा पाहिला. “अजूनही थोडी हवा नाकातूनच येऊन राहिली ना. आपण…”

“तसोच तो,” आई म्हणाली. “हात लावू नको त्येका. ह्यांचो आवाज तसोच.”

नाना थांबले होते. होकार हवा होता. मी हळूच म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

“आज पेज-पाणी गळ्यात उतारला, ता तुज्या किरपेन म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“आणि ह्या माज्या चेडवाच्या हातसून जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा. घरात तेचो इषय नको. तेका सांभाळ म्हाराजा.”

मला तेव्हा कळलं की नमुना ऐकवला त्या दिवशी नाकातून ते काय बोलले होते.

होकार द्यायला माझं तोंड उघडेना. स्वतःच्या माफीला स्वतःच कसं हो म्हणायचं? गजभिये मॅडमना रीत माहीत नव्हती. नाना हात जोडून, तोंड किंचित उघडं ठेवून थांबले. देवळात बायका मागच्या बाजूला उभ्या राहतात आणि होकार पुरुष देतात. माझ्या आईने चाळीस वर्षांत एकदाही तो दिलेला मी ऐकला नव्हता.

आईने पंच्याची घडी घातली. ती टेबलावर ठेवली, कोपरा सरळ केला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि नाना थांबलेलेच होते. माझ्या छातीत काही तरी दुखायला लागलं. जवळजवळ तीन महिन्यांत पहिल्यांदा कुठे काही दुखलं.

“व्हय म्हाराजा,” आई म्हणाली.

नाना पुढे बोलू लागले.